पाळीचा पेला

पीप उघडलं की पेला एकच. प्रुत नदीकाठच्या आमच्या टेकड्यांवर दहा माणसं बसोत की चाळीस, वाईनचा पेला एकच फिरतो. ज्याच्या हातात सुरई तो आधी स्वतः पितो, मग भरतो आणि शेजारच्याला देतो. त्यानं रिकामा करून परत द्यायचा, मग पुढच्याची पाळी. मध्येच कुणाला वगळायचं नाही आणि कुणाला अर्धा भरून द्यायचा नाही. अर्ध्या पेल्यावरून बोलणं बंद झालेली घरं आमच्या गावात आजही आहेत.

आगाफियाच्या मळ्याची तोडणी सोमवारी संपली. आमच्याकडे द्राक्षांची तोडणी पाळीनं होते, आज सगळ्यांनी माझ्या मळ्यात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. प्रोफिरा उजाडल्यापासून आगाफियाच्या वेलांखाली वाकली होती. बोटं रसानं एकमेकांना चिकटली होती, मनगटावर गांधीलमाशीनं डसल्याची गाठ आली होती, आणि कंबर सरळ करताना तोंडातून आपोआप आवाज निघत होता. शेवटची बादली गाडीत ओतल्यावर सगळी तळघरात उतरली. गार ओल, लाकडाचा वास, ब्रिंझा चीज, कांदा आणि मक्याच्या पिठाचा पिवळाजर्द मामालिगा. आगाफिया पहिला पेला स्वतः प्याली आणि तिनं फिरवायला सुरुवात केली.

पेला प्रोफिराच्या शेजारच्या बाईपर्यंत आला. तिनं रिकामा करून परत दिला. आता प्रोफिराची पाळी. आगाफियानं पेला खाली ठेवला, मागच्या फळीवरून दह्याचा प्लास्टिकचा डबा काढला, त्यात वाईन ओतली आणि तो पुढे केला.

"हे काय?" प्रोफिरानं विचारलं.

"वाईन."

"वाईन दिसतेय. हे कशात दिलीस?"

"धुतलेला आहे गं," आगाफिया तिच्याकडे न बघता म्हणाली. दोघी एकाच बाकावर बसून शाळा शिकलेल्या. "राग मानू नकोस. लोकांच्या घरी लेकरंबाळं आहेत. गेल्या आठवड्यात ती नर्सबाई आली होती ना, सगळ्यांच्या तोंडात काठ्या फिरवत होती? मी विचारलं तिला, यात काय कळतं, तर म्हणाली, एचआयव्ही. आता तूच बघ. थुंकीत सापडतो म्हणजे थुंकीत असतो. थुंकीत असतो म्हणजे पेल्याला लागतो. मी काही शिकलेली नाही, पण एवढं मलाही कळतं."

"आणि मला आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं बसच्या ड्रायव्हरनं. शहरात त्या दवाखान्याच्या थांब्यावर ही बाई नेमानं उतरते, एवढंच त्यानं सांगितलं होतं, बाकीचं गावानं पदरचं घातलं. प्रोफिराचा दीर अनिसिम तिथंच बसला होता. तो पिपाकडे असा बघत होता, जणू त्याला आजच पीप म्हणजे काय ते कळलं.

प्रोफिरानं डबा घेतला आणि भरलेला तसाच पिपावर ठेवला.

"बुधवारी माझ्या मळ्याची पाळी आहे," ती म्हणाली. "कात्र्या घेऊन या. वाईन मी पेल्यात देईन." आणि पायऱ्या चढून वर आली.

गावानं ओळखलं होतं ते खरंच होतं. नवरा सिमिऑन मॉस्कोत इमारतींवर कामाला होता. परत आला तो खोकत आणि हाडकून. शहरातल्या दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं, मग हिचं तपासलं. आधी बोटाला टोचून थेंबाची तपासणी, मग दंडातून नळीभर काढून पुन्हा. दोन्ही वेळा तेच आलं. सिमिऑन त्या हिवाळ्यात गेला. त्याच्यावरचा राग तिला बराच पुरला, मग तोही थकला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी शेळीची धार काढून झाली की एक गोळी घ्यायची. गोळ्या आणायला शहरात गेली की दर खेपेला तपासणीसाठी रक्त द्यायची. गेल्या खेपेला प्रयोगशाळेतल्या बाईनं सांगितलं होतं, "आता मोजायला गेलं तर सापडत नाही. रक्तात नाही म्हणण्याइतका कमी. गोळी चुकवू नकोस."

"म्हणजे बरी झाले?"

"बरी नाही. पण तुझ्यापासून कुणाला होणार नाही. आणि ताटा-पेल्यातून तर तो कधीच होत नाही."

हे सगळं तिनं घरी सासूला सांगितलं होतं. तुदोसिया म्हातारीनं मान डोलावली होती, आणि दुसऱ्या दिवशी प्रोफिराच्या चमच्याला लाल दोरा बांधला होता. दोघींचं जेवण एकाच भांड्यात शिजायचं, एकाच टेबलावर व्हायचं, पण लाल दोऱ्याचा चमचा आणि कानतुटकी वाटी वेगळ्या फडताळात राहायची. प्रोफिरा काही बोलली नव्हती. म्हातारीचा मुलगा गेला होता, तिला काय बोलायचं, असं तिला वाटलं होतं.

बुधवारी ती पहाटे उठली. रिकाम्या बादल्या ओळीच्या तोंडाशी मांडल्या, कात्र्यांना तेल लावलं, भोपळी मिरच्या भरून भलंमोठं पातेलं चुलीवर चढवलं. द्राक्षं अगदी वेळेवर आली होती, काळी, पातळ सालीची, बोट लावलं तरी फुटतील अशी. प्रुत नदीच्या बाजूनं आभाळ मात्र खरकट्या पातेल्यासारखं दिसत होतं. एक चांगला पाऊस लागला तर साली फाटणार, आणि दोन दिवसांत साऱ्या मळ्यात बुरशी.

उन्हं वर आली तरी फाटकातून कुणी आलं नाही.

"येतील," तुदोसिया म्हणाली.

"कोण येतंय?"

"आपण सुरुवात तर करू."

दोघींनी सुरुवात केली. म्हातारीला वाकता यायचं नाही, म्हणून ती बादली पालथी घालून तिच्यावर बसायची आणि खालचे घड तोडायची, मग बादली फरफटत पुढे न्यायची. शेजारच्या मळ्यात लोक होते. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, हसणं ऐकू येत होतं. प्रोफिराच्या हद्दीजवळ आले की आवाज खाली यायचे. दुपारपर्यंत दोघींच्या दीड ओळी झाल्या. भरलेल्या मिरच्यांचं पातेलं थंड झालं होतं. प्रोफिरानं त्यातल्या दोन खाल्ल्या, बाकीच्या डुकराला घातल्या, आणि घालताना तिला रडू आलं. अपमानापेक्षा त्या मिरच्यांचंच तिला जास्त लागलं, इतक्या निगुतीनं भरल्या होत्या.

दिवस कलताना अनिसिम आला. फाटकाच्या आत आला, पण बसला नाही.

"वहिनी, एक मार्ग आहे."

"बोला, भाऊजी."

"उद्या गुरुवार. नर्सबाई दवाखान्यात असणार. सगळ्यांच्या देखत तोंडात काठी फिरवून घे. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. एक रेघ आली की लोकांची तोंडं बंद. परवा सगळं गाव तुझ्या मळ्यात आणतो. माझी जबाबदारी."

"आणि दोन आल्या तर?"

अनिसिमनं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "तसं कशाला होईल?"

त्याला सगळं ठाऊक होतं. सिमिऑनच्या उशाशी तोही बसला होता. त्याला बोलून दाखवायचं नव्हतं, आणि एकच रेघ येईल अशी वेडी आशा होती.

"येते," प्रोफिरा म्हणाली. तिच्या मनात आलं, दोन तर दोन. कुजबुज ऐकून ऐकून कान किटलेत. एकदाच काय ते चव्हाट्यावर येऊ दे, मग बघते कोण माझ्या डोळ्यात बघून बोलतो.

गुरुवारी दवाखान्याच्या आवारात अक्रोडाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं. कुणी म्हणे रक्तदाब तपासायला आलं होतं, कुणी म्हणे असंच. आगाफिया मागे उभी होती. म्हातारी तुदोसिया चर्चला जायचा काळा रुमाल बांधून आली होती. नर्सबाई लिडिया तरुण होती, दुसऱ्या गावची होती, आणि हा तमाशा बघून ती आधीच चिडली होती.

"असं उघड्यावर करायचं नसतं," ती म्हणाली. "आत चला. यांचा काय संबंध?"

"काहीच नाही. म्हणूनच आलेत," प्रोफिरा म्हणाली. "इथंच कर, बाई. तोंड माझं आहे."

"तुम्हाला कबूल आहे?"

"आहे."

"आधी कधी तपासणी झालीय? कसल्या गोळ्या चालू आहेत?" नर्सनं आवाज उतरवून विचारलं.

"तू काठी घाल."

नर्सनं नाइलाजानं काठी काढली. वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा फिरवली आणि काठीचं टोक छोट्या कुपीतल्या पाण्यात बुडवून टेबलावर उभी केली. "वेळ लागेल," ती म्हणाली. मग सगळे काठीवरच्या, रेघ उमटायच्या छोट्या खिडकीकडे बघत उभे राहिले. एक कोंबडी टेबलाखाली आली, तिला कुणीतरी लाथेनं हाकललं. अनिसिमनं कोटाच्या खिशातून बाटली काढून दाखवली आणि परत ठेवली. प्रोफिरा हाताची घडी घालून उभी होती आणि दुसऱ्या रेघेची वाट बघत होती. काय बोलायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

दुसरी रेघ आली नाही.

नर्सनं काठी उजेडात धरली. पुन्हा धरली. "एकच," ती म्हणाली.

आवारातून असा सुस्कारा निघाला की प्रोफिराला तो अंगाला लागल्यासारखा वाटला. कुणीतरी टाळी वाजवली. आगाफिया पुढे आली, तिनं प्रोफिराला मिठी मारली आणि खरंच रडायला लागली. "मी म्हणत होते! मी तर म्हणतच होते!" ती असं काहीच म्हणत नव्हती, पण त्या क्षणी तिला तसंच वाटत असावं. तुदोसिया छातीवर तीनदा क्रुसाची खूण करून आभाळाकडे बघत होती. अनिसिमनं बाटलीचं बूच दातानं उपटलं, दुसऱ्या खिशातून काचेचा पेला काढला, स्वतः प्याला, काठोकाठ भरला आणि वहिनीपुढे धरला.

"घे, वहिनी. तुझी पाळी. उद्या सकाळी आम्ही सगळे."

प्रोफिरानं पेला घेतला. डोळ्यांसमोर तिचा सगळा मळा आला. उद्या संध्याकाळपर्यंत सगळी द्राक्षं आत, पीप भरलेलं, हसणं, गाणी. फक्त प्यायचं होतं आणि गप्प बसायचं होतं. फार काही नव्हतं. पण मग पुढच्या खेपेला बसमधून कुठं उतरायचं? आणि गोळी कुठं लपवायची? आणि ही आगाफिया, जी आता गळ्यात पडून रडतेय, ती कुणाच्या गळ्यात पडलीय? माझ्या की या काठीच्या?

"ही काठी चुकलीय," प्रोफिरा म्हणाली.

"काय?"

"मला आहे. सिमिऑनकडून आला. रक्तात दोनदा सापडलाय. मी रोज गोळी घेते."

आगाफियाचे हात तिच्या खांद्यांवरून निघाले. अनिसिमनं डोळे मिटले.

"मग आधी सांगायचं ना!" नर्स म्हणाली. "मी म्हणूनच विचारत होते. गोळ्या चालू असल्या की ही काठी कधी कधी चुकते. ती त्या विषाणूला शोधतच नाही. अंगानं त्याच्याशी लढायला जे तयार केलेलं असतं, ते शोधते. गोळीनं लढाई थंडावली की तेही तोंडात कमी होतं."

"ऐकलंत?" प्रोफिरा लोकांकडे वळली. "तोंडात पोलीस शोधतात, चोर नाही. पोलीस दिसला म्हणजे चोर तिथंच बसलाय असं नसतं. आगाफिया, पेल्याला काही लागत नाही. विचार हिला."

"नाही लागत," नर्स म्हणाली. "थुंकीतून होत नाही. पेल्यातून तर नाहीच."

"झालं," प्रोफिरा म्हणाली. तिनं पेला एका दमात रिकामा केला, अनिसिमच्या हातातून बाटली घेतली, पेला भरला आणि अनिसिमपुढे धरला. "भाऊजी."

अनिसिमचा हात थोडा वर आला आणि तिथंच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "भरलेली वाईन परत ओतत नाहीत. तुमची मी पिते." आणि प्याली. पुन्हा भरला. "आगाफिया?" आगाफियानं मान खाली घातली. "तुझीही माझ्याकडे." प्याली. मग तिनं एकेकाचं नाव घेऊन पेला पुढे केला आणि एकेकाची पाळी स्वतः प्यायली, बाटली संपेपर्यंत. एवढ्या पाळ्या तिच्या वाट्याला जन्मात आल्या नव्हत्या. शेवटी तिचे गाल लाल झाले होते आणि तिला हसू फुटलं होतं.

"एक ऐका," ती म्हणाली. "माझ्या मळ्यात यायचं तर आधी माझा पेला, मग माझी बादली. दया म्हणून कुणी कात्री घेऊन येऊ नका. द्राक्षं सडली तर माझी सडतील."

घरी येऊन फाटक लावल्याबरोबर तुदोसियाचं तोंड सुटलं.

"देवानं एक रेघ दिली होती! हातात आणून ठेवली होती! गप्प बसायला काय झालं होतं तुला? जिभेला हाड आहे की नाही?"

"देवानं नाही दिली, आई. गोळीनं दिली."

"गोळीनं तर गोळीनं! मळा गेला ना आता!"

"आणि तुम्ही?" प्रोफिरा म्हणाली. "गाव तीन दिवसांपूर्वी उलटलं. तुमचा लाल दोरा कधीपासून आहे? रोज त्या चमच्यानं जेवते मी तुमच्यासमोर. एकदा तरी तुम्हाला लाज वाटली?"

म्हातारी आत गेली आणि बराच वेळ फडताळापाशी नुसतीच उभी राहिली. प्रोफिरानं शेळीची धार काढली, गोळी घेतली आणि न जेवता आडवी झाली.

शुक्रवारी आभाळ टेकडीला टेकलं होतं. प्रोफिरानं तळघरात जाऊन कोपऱ्यातलं पीप उघडलं. सिमिऑननं घातलेलं ते शेवटचं पीप. तो गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. सुरई भरली, पेला घेतला, आणि ओळीच्या तोंडाशी एक बादली पालथी घालून तिच्यावर दोन्ही ठेवलं. स्वतः एक पेला प्याली, यजमान म्हणून, आणि कामाला लागली. तुदोसिया आपली बादली फरफटत दुसऱ्या बाजूनं निघाली.

थोड्या वेळानं आगाफिया आली. हातात कात्री, डोक्याला रुमाल, डोळे सुजलेले.

"मी तोडायला आलेय."

"पेला तिथं आहे."

"प्रोफिरा, मी काम करते ना. दिवसभर करते. पेला राहू दे."

"मग कात्री खिशात ठेव."

"वेडी आहेस का? पाऊस येतोय!"

"दिसतोय मला."

आगाफिया बांधावर बसली. जाईना आणि येईना. बघत राहिली, दोघी बायका वाकून एकेक घड तोडत होत्या, आणि ओळ तशीच लांबलचक उरली होती. पहिले थेंब पडले, मोठाले, पानांवर टपटप वाजणारे. प्रोफिराची बोटं भराभर चालायला लागली, आणि भराभर चालली म्हणून कात्री अंगठ्याला लागली. तिनं अंगठा तोंडात घातला, थुंकली आणि तोडत राहिली.

तेवढ्यात तुदोसिया उठली. कंबरेवर हात ठेवून ओळीच्या तोंडाशी आली, सुरई उचलली आणि प्रोफिरा ज्यातून प्याली होती तो पेला न पुसता भरला. तिला भीती वाटत होती, हे लांबूनही दिसत होतं. मग तिनं तो तोंडाला लावला आणि थेंबही न ठेवता प्याली.

"सिमिऑनची आहे," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या हातची." तिनं पेला भरला आणि बांधाकडे केला. "काय गं आगाफिया, पितेस, की बांधावरून उठतेस? भिजतेय वाईन."

आगाफियानं पेला घेतला. डोळे गच्च मिटून प्याली, औषध प्यावं तशी. डोळे उघडले आणि आपण जिवंत आहोत की नाही ते बघावं तशी इकडंतिकडं बघायला लागली. तिचं तोंड बघून प्रोफिराला इतकं हसू आलं की ती वेलाला धरून उभी राहिली. मग आगाफियाही हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली.

"रडायला नंतर," प्रोफिरा म्हणाली. "कात्री काढ."

फाटकाशी गाडी वाजली. अनिसिम घोडागाडी घेऊन आला होता, आणि त्याच्या मागं आणखी थोडी माणसं होती, सगळं गाव नव्हे, हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. ती फाटकापाशीच थबकली. अनिसिम एकटाच पुढं आला. कुणाकडे न बघता त्यानं एक रिकामी बादली उचलली आणि ओळीत शिरायला निघाला.

"भाऊजी," प्रोफिरा म्हणाली.

तो थांबला. पाऊस त्याच्या टोपीवरून ओघळत होता. त्यानं काळ्या घडांकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग पालथ्या बादलीवरच्या पेल्याकडे बघितलं. फाटकापाशी उभी माणसं त्याच्याकडे बघत होती. प्रोफिरानं पेला उचलला आणि सुरई वाकवली. अर्धा भरला तेव्हा तिचा हात थांबला. त्याला सोपं जावं म्हणून की त्याला जोखावं म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अनिसिमनं हातातली बादली खाली ठेवली.

"पुरा भर," तो म्हणाला. "मी काय परका आहे?"